नन्नाचा पाढा

डंडीतल्या तागाच्या गिरणीत आई मागावर होती.
त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी आता पडद्यात राहतो.

म्हणजे माझा चेहरा. शर्ट त्यांचा, पाठीमागे पिना लावून बेतलेला.
हिरव्या कापडासमोर दोन दिवस बसवून
त्यांनी माझ्याकडून सतरा नकार काढून घेतले:
बजेट नाही. वेळ नाही. छान आहे, पण आमच्यासाठी नाही.
याहून बरं तर माझ्या भाच्याने केलं असतं.
आणि एक नुसताच, भुवईचा.
होकार एकच. तोही तेराव्या पायरीनंतर,
बहुतेकांना सापडत नाही.
चाळीस वर्षं नाटकात काढली,
एवढे पैसे एकरकमी कधी पाहिले नव्हते.

कोर्स सहा आठवड्यांचा. डिग्री घेऊन बसलेली पोरं,
अ‍ॅनिमेशनवाली, गेमसाठी आवाज करणारी, एक मोज्यांवर नक्षी काढणारा,
हेडफोन लावून माझ्यासमोर बसतात
आणि मला काहीतरी विकतात.
मी डोळ्यांत बघतोय असं त्यांना वाटतं.
मशीन त्यांचे 'म्हणजे' मोजतं, 'सॉरी' मोजतं,
शेवटी हिरवी पट्टी, नाहीतर लाल.
शिकवणाऱ्या इश्बेल बाई म्हणतात,
बोलणाऱ्याचे हुलगे खपतात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
खोटं नाही. लेनक्स नावाचा पोरगा
पहिल्या दिवशी तिसऱ्याच नकाराला रडकुंडीला आला,
पाचव्या आठवड्यात मलाच विचारू लागला,
बजेट नाही म्हणजे नेमकं किती नाही?
परवा त्याला ग्लासगोत काम लागलं.
माझं नाव कुणी काढलं नाही,
पण त्या रात्री मी एक पाइंट जास्त घेतला.

मोरव्हेन पेट्री मात्र बोललीच नाही.
तीन सत्रं. शून्य, शून्य, शून्य.
समोरचा गप्प राहिला तर काय,
हे लिहायचं कुणाकडून तरी राहून गेलं होतं.
मग मशीन माझा नऊ सेकंदांचा एक तुकडा लावतं,
पुन्हा पुन्हा:
मी बसलोय, कॉलर सैल करतोय, खिडकीकडे बघतोय.
कॅमेरा चालू होता. मला ठाऊक नव्हतं.

मार्चमध्ये मला परत बोलावलं,
गप्प बसणाऱ्यांसाठी नवी वाक्यं भरायला.
लिफ्ट बंद. जिन्यात ती, हातात वही.
दचकलीच थोडी,
पडद्यातला माणूस धापा टाकत वर येताना पाहून.
मग वही पुढे केली.

पानांमागून पानं मीच.
नकार देणारा एकही नाही.
सगळे त्या नऊ सेकंदांतले.
हात कॉलरवर. मान वळते आहे, वळली आहे.
एका पानावर नुसता कान.

"इथे कसला विचार करत होतात?"
"बसचा," मी म्हटलं. "पावणेसहाला शेवटची."

"नाही," ती म्हणाली.

डोळ्याला डोळा. सॉरी नाही.
पायरीवर पाऊल ठेवावं तसा आवाज.
इतका स्वच्छ नकार मी स्टेजवर कधी दिला नाही,
सतरांत तर नाहीच नाही.

वर दिवे लावून माणसं खोळंबली होती.
मी कठड्याला टेकलो आणि सांगितलं तिला:
त्या खिडकीखालच्या अंगणात सुट्टीला बायका बाहेर पडायच्या,
मागांच्या खडखडाटात कान गेलेल्या,
ओठांवरून बोलणं वाचायच्या.
घरी मी तोंड उघडण्याआधी आई चेहरा बघायची.
खोटं बोलायची सोय नव्हती.

मोरव्हेनने मान हलवली. पेन्सिल काढली.

नवी वाक्यं त्यांनी लिहून ठेवली होती:
बोला ना. घाई नाही. मी ऐकतोय.
'मी ऐकतोय' सात वेळा घेतलं.
काचेपलीकडून निरोप आला,
आवाज उत्तम, टॅम,
चेहरा तेवढा जरा कमी.

तिला काम लागलं का, माहीत नाही.
पट्टी शेवटपर्यंत लालच होती.