दोष आढळला नाही

यंग्सटाउनमध्ये, गाड्यांच्या शोरूमच्या मागल्या अंगाला
माझा काउंटर. वर घड्याळ, खाली कॉफीचे डाग.
एकोणीस वर्षं एकच वाक्य टाइप करतोय:
तपासणी केली. दोष आढळला नाही.
बोटांना ते पाठ आहे,
अंधारात घरचा जिना पाठ असतो तसं.

व्हर्ना ह्राबोव्स्की पहिल्यांदा आली
तेव्हा गाडीला अडतीस दिवस झाले होते.
नवी कोरी, राखाडी. आत प्लास्टिकचा वास
आणि त्यावर लोण्याचा, भाजलेल्या अक्रोडाचा.
बाई लग्नांसाठी बिस्किटं करते.
आमच्या गावात लग्नाचा केक नावापुरता,
खरा मान बिस्किटांच्या लांबलचक टेबलाचा.
त्यावर कुणाच्या हातचं काय होतं
ही चर्चा कधीकधी लग्नापेक्षा जास्त टिकते.

"डावीकडे वळताना बंद पडते," ती म्हणाली.
"भर चौकात. मागे सहाशे बिस्किटं, समोरून ट्रक."
मी फिरवून आणली. चार वेळा डावीकडे वळलो.
पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखी गाडी शहाणी.
"पावती कशाला," मी म्हणालो,
"नुसतं बघितलं. पैसेही नकोत."

हे वाक्य मी कधी टाइप करत नाही.
तोंडी आहे, म्हणून तर कामाचं.
कायद्याला कागदच मोजता येतो:
एकाच दोषासाठी तीन खेपा,
नाहीतर गॅरेजात एकूण तीस दिवस,
तेही पहिल्या वर्षात, अठरा हजार मैलांच्या आत.
जी खेप कागदावर नाही, ती झालीच नाही.

लिंबू कायदा म्हणतात इकडे त्याला.
वरून पिवळंधमक, तुकतुकीत;
दात आंबले की कळतं,
तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

दुसऱ्या खेपेला तिने वही काढली.
पाककृतींची, तुपकट, कोपरे दुमडलेली.
चार कप मैदा, दोन अंडी, जर्दाळूचा मुरंबा.
त्याखाली त्याच अक्षरात:
चार मार्च. मार्केट स्ट्रीट. डावीकडे. ११४२ मैल. गारठा.
मग पुन्हा खसखस, मध, एका लिंबाची किसलेली साल.
नऊ मार्च. पुलाआधी. मागच्याने शिवी दिली.
"आज पावती दे, एमेट," ती म्हणाली,
"आणि त्या दिवशीचीही."
त्या दिवशीची मी दिली नाही. ती माझ्या पोटात गेली.

दुसरी पावती: दोष आढळला नाही.
तिसऱ्या खेपेची: दोष आढळला नाही.
ती दोन्ही वाचायची, शांतपणे,
फसलेलं पीठ चाचपावं तशी,
आणि वहीत घडी करून ठेवायची.

चौथ्या खेपेला बर्फ भुरभुरत होता.
मार्केट स्ट्रीटवर मी डावीकडे वळलो
आणि गाडी गेली.
दिवे, स्टिअरिंग, हीटर, सगळं एका दमात.
समोर शाळेची बस.
तिच्या ड्रायव्हरचं उघडं तोंड मला अजून दिसतं.
बस थांबली. किती अंतरावर, ते सांगत नाही.

परत येऊन काउंटरवर बसलो. हात थरथरत होते,
तरी बोटं आपली जिना उतरली:
तपासणी केली. दोष आढळला नाही.
मी बराच वेळ बघत राहिलो.
मग शेवटचा शब्द खोडला.
चार टिचक्या. टिंब जाग्यावर ठेवलं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने दोन पावत्या वाचल्या,
खणखणीत आवाजात.
तिसरी बाईंनी स्वतः वाचली,
आणि नंतर वही, पहिल्या पानापासून, मैद्यासकट.
कुणी अडवलं नाही.

पैसे परत मिळाले. मालक मला काही बोलला नाही,
फक्त सोमवारपासून मी सुट्या भागांच्या खिडकीत बसतो.

गाडी सोडायला ती आली, तेव्हा मागच्या सीटच्या शिवणीत
मैदा होता; तो निघणार नाही.
कप्प्यातून तिने मापाचा कप काढला,
पुसला, पिशवीत टाकला.
किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या
आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"पावती," ती म्हणाली.