पंधरा थाऊ

मुनीरुद्दीन मिस्त्री पॉइंटचं अंतर पात्यानं मोजायचे.
पंधरा थाऊ, म्हणजे
नखाला कळेल पण डोळ्याला पटणार नाही एवढी फट.
त्या फटीतून अठ्ठ्याहत्तर सालची बुलेट
वसमतहून औंढ्यापर्यंत जायची.

हिंगोलीच्या लिलावात घेतलेली, पोलिसांकडची.
मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस,
मला नाडी कळते. हिची मात्र मिस्त्रींनी शिकवली:
किक हळू दाब, अँपिअरचा काटा बघ,
पॉइंट मिटले की काटा पडतो,
उघडले की मधे येतो. आला की थांब.
डिकॉम्प्रेसर ओढ, जरासं पुढं सरकव,
मग घाल लाथ.

दोन-तीन महिन्यांनी पॉइंट जळायचे,
एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ,
एकाच्या शेतातली माती दुसऱ्याच्या बांधावर जावी तसे.
हळदीच्या दिवसांत मोंढ्यासमोरच्या टपरीत
सगळंच पिवळं, मिस्त्रींच्या भुवयासुद्धा.
घासत बसायचे आणि म्हणायचे,
“पॉइंट बीमार पडता, बोल के पडता.
वो नया डब्बा? वो सीधा मरता.”

आणि एका बुधवारी तो डबा त्यांनीच आणून बसवला.
काळा, गुळगुळीत, सगळीकडून लाखेनं बुजवलेला,
आत बघायला जागा नाही.
मी म्हटलं, मिस्त्री, हे काय?
त्यांनी पातं उजेडाला धरलं.
पातं थरथरत होतं.
“पंधराचे वीस होतायत माझ्याकडनं.
याला हात लावावाच लागत नाही.”
जुनी प्लेट कंडेन्सरसकट बनियनच्या तुकड्यात बांधून
टूलबॉक्समध्ये कोंबली.
मजुरी निम्मीच घेतली.

खोटं कशाला बोलू, तीन वर्षं
गाडीनं एकदाही मान फिरवली नाही.
थंडीत एका किकमध्ये.
काटा तेवढा गप्प झाला,
घरात कुणी काही विचारत नाही तशा म्हाताऱ्यासारखा
मधेच उभा.
मिस्त्री नांदेडला गेले, लेकाकडे.

मग फेब्रुवारीत, जवळा बाजारच्या अलीकडे,
म्हैस अडलीय असा फोन येऊन गेलेला,
भर दुपारी, इंजिन
बोलता बोलता मधल्या अक्षरावर तुटलं.
ना खोकला, ना धाप.
तार निघाली असेल, ऊन लागलं असेल,
डबा सांगत नाही.
हळद शिजवणारे कढई सोडून आले.
एकानं प्लग काढला, एकानं टाकी उघडून हुंगली,
एकानं मलाच वरून खाली पाहिलं.

“प्लेट आहे ना?” मिस्त्रींनी फोनवर एवढंच विचारलं.
प्लेट होती. पातं नव्हतं.
“मग लग्नपत्रिका बघ कुणाकडे. जाड कागदाची.”
कढईवाल्याच्या पुतणीची निघाली.
विळ्यानं कोपरा कापला,
काडेपेटीच्या कडेनं पॉइंट घासले,
त्यांनी खिळ्यानं ओढलेली खूण खुणेला लावली.
“कागद कसा निघाला पाहिजे? पाहुण्यासारखा.
निघतो म्हणतो, पण दारात रेंगाळतो.”

किक दाबली. काटा पडला.
काटा मधे आला.
मला एकदम तोंडात कसलीतरी चव आली, पितळेची.

फोन सायलेन्सरपाशी धरला.
नांदेडात बराच वेळ कुणी बोललं नाही.
“लेट आहे जराशी,” म्हणाले, “पण पोचशील.”

पोचलो तोवर म्हैस आपली आपण मोकळी झालेली,
रेडकू चार पायांचा हिशोब लावत होतं.
मला चहा मिळाला.

नवा डबा घेतलाय मी, हमीच्या कागदासकट.
अजून खोक्यातच आहे.
बसवीनही, माझेही हात काही कायमचे नाहीत.
पत्रिकेचा कोपरा टूलबॉक्समध्ये आहे, ऑइलनं पारदर्शक झालेला.
कापताना त्यावर एकच शब्द आला होता:
आग्रहाचे.