दोन रकाने

तिथे 'हो' म्हणत नाहीत, 'नाही' म्हणत नाहीत.
म्हणतात : संतुष्ट. म्हणतात : असंतुष्ट.
घंटा वाजते, आठ मिनिटं,
आणि पिकली माणसं काठ्या टेकत
तळ्यात-मळ्यात खेळायला उठतात.

लेडी मोरवेना पेनहॅलो.
कॉर्नवॉलच्या एका बंदरगावातली सुईण,
मग एकोणीस वर्षं लाल बाकावर.
मृत्युलेखासाठी मी तिची मतं मोजतोय.
दोन हजार एकशे सहा वेळा संतुष्ट.
कुत्र्यांच्या शेपट्यांवर संतुष्ट, पेन्शनवर संतुष्ट,
एका युद्धावर, रात्री पावणेबाराला,
संतुष्ट.
असंतुष्ट चार वेळा, तेही पक्षाच्याच सांगण्यावरून.

आणि सहा मार्च.
किनाऱ्यावरची छोटी प्रसूतिगृहं बंद करायचं विधेयक.
हजेरीवर सही आहे. भत्ता घेतलेला आहे.
मत नाही.

गावाने ते विसरलं नाही.
सख्खा भाऊ जेगो
दफनालाही मागेच उभा राहिला, जाळं विणणाऱ्या हातांची घडी घालून.

म्हाताऱ्या द्वारपालाला विचारलं.
म्हणाला, होत्या ना,
इथेच, कोट टांगायच्या खुंट्यांखाली,
सुजलेले पाय बुटांतून काढून.
घड्याळाकडे बघत होत्या, ओठ हलत होते,
कळा मोजतात तसे.
दारं लागल्यावर विचारलं, कितीने?
म्हटलं, एकाने.
मग बूट घालायला
त्यांना फार वेळ लागला.

खुंटीवर आता दुसरंच नाव आहे.
संपादक विचारतोय,
सहा मार्चला काय लिहू?