सलग वास्तव्य

डिचोलीला मामलेदार कचेरीसमोर
झेरॉक्सच्या दुकानात मी लोकांचे अर्ज भरून देतो.
एका अर्जाचे तीस रुपये.
अक्षर बरं आहे, शिवाय
साहेबाला कुठला शब्द कुठे लागतो ते ठाऊक आहे.

गोव्यात अठरा वर्षं झाली.
पहिली सात क्लोतिल्दबायच्या मागल्या खोलीत:
भाडं रोख, पावती नाही,
नाताळला मात्र न चुकता नेवऱ्यांचं ताट.
ती सात कागदावर नाहीत.
बाई गेली. मुलगा लिस्बनला.
फोनवर म्हणाला, तुमचा चेहराही आठवत नाही मला.

म्हणजे अकरा. पहिल्या वीजबिलापासून.
पंधराला चार कमी.

सोनोग्राफीवाल्या पोरीने पडद्यावर बोट ठेवलं:
हा बघा खडा, चौदा मिलिमीटर.
किती वर्षांचा असेल?
असेल सात-आठ, ती म्हणाली.
पित्ताशयात आरामात बसला होता,
भाडं नाही, पावती नाही.

काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता.
कार्ड? नाही.
त्याने दरांचा तक्ता खिडकीतून सरकवला
आणि एका आकड्याखाली पेनाने हळूच रेघ मारली,
मी मारतो तशीच, सही कुठे करायची ते दाखवायला.
गावी करून घ्या की, म्हणाला.
गाव दोडामार्गाच्या पुढे, तासाभराच्या वाटेवर.
तिथल्या रेशनकार्डावरचं नाव
मीच कमी करून आणलं, इथलं व्हावं म्हणून.
त्याचा दाखला आहे. लॅमिनेट केलेला.

वासंती म्हणते,
आपल्या तिळारीचं पाणी कालव्यातून येतंच ना इकडे,
त्याला कोण विचारतं?
म्हटलं, कचेरीत हे बोलू नकोस.

घरात आता तळण नाही. बांगडा उकडून.
पोरगा ताट सरकवतो.
त्याचा जन्म म्हापशाचा,
त्याच्या फाइलीत एकही कागद कमी नाही;
मी स्वतः लावलीय.

दुखणं येतं रात्री अडीचला,
उजव्या बरगडीखालून पाठीत.
वासंती गरम पाण्याची बाटली धरून बसते.
बोलत नाही, पण ओठ हलतात:
जप नव्हे, चार गुणिले बारा.
पोदेराचा भोंगा ऐकू आला की जरा ओसरतं.
सलग नसतं, तेवढं बरं.

नऊला दुकान.
आज एक बाई आली, बागलकोटकडची, पोर कडेवर,
पोराच्या छातीत घरघर.
रकाना सहा: सलग वास्तव्य, वर्षे.
पावत्या आहेत? मी विचारलं,
आणि माझाच आवाज मला
खिडकीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला.
तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं,
बोटांवर मोजलं, चुकली, पुन्हा मोजायला लागली.
मी पेन उघडं धरून बसलो.
मला घाई नव्हती.