घोळ

आधी देठ मोडून बघ, चैत्राली.
पांढरा चीक आला तर ती नायटी. टाक, हात धू.
नायटीही अशीच जमिनीला चिकटून पसरते,
लालसर दांडी, बारीक पानं, फसवायला बसलेली.
घोळीला चीक नसतो. पाणी असतं.
बोट ओलं होतं, एवढंच.

हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही.
खंडेराव मार्केटच्या मागे गोणपाटावर
रेवलीबेन राठवा बसायची, तिनं मोडून दाखवलं.
"आ लूणी," ती म्हणाली.
मी म्हटलं, घोळ.
"भले," म्हणाली, आणि मूठभर जास्त टाकली.
ग्वाल्हेरची माझी नणंद हिलाच कुल्फा म्हणते
आणि हसते, की वहिनी,
तुमच्याकडे घोळ शिजवतात का घालतात?
दोन्ही, मी म्हणते.

ओझासाहेबांकडे आणखी एक नाव, दोन डब्यांचं:
पोर्टुलाका ओलेरेसिया.
पुढच्या डब्यात एक छोटंसं दार आहे, म्हणायचे,
मागच्यात परसातली भाजी.
दार कुठलं ते त्यांनी भिंगाखाली दाखवलं.
पिवळं फूल दहाला उघडतं,
जेवणाच्या सुट्टीच्या आत मिटतं,
मग तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी डबी धरते.
पिकली की कंबरेत चिरते, झाकण निघतं,
आत काळं बी, खसखशीसारखं बारीक.

माझं काम शिवायचं.
सुई, पांढरा दोरा, डिंक, जाड कागद.
आघाडा शिवला, तरवड शिवला,
विश्वामित्रीच्या काठची लव्हाळी शिवली
(मगर ऊन खात पडते त्या बाजूची साहेब स्वतः आणत).
सगळी मुकाट वाळली.
ही वाळेना.
टिपकागदात घातली, फळ्यांत आवळली, वर तीन विटा.
सतराव्या दिवशी पट्टा सोडला
तर शेअरबाजाराच्या पानावर बी सांडलेलं,
दांडी तशीच गुलाबी,
आणि शेंड्याला, त्या अंधारात, दोन नवी पानं.
पांढरट. पण नवी.
"उकळत्या पाण्यात बुडवा," साहेब म्हणाले,
"मिनिटभर. नाहीतर ही ऐकणार नाही."

नवी जुडी आणली. स्टोव्ह पेटवला, पातेलं ठेवलं.
पाणी खळखळलं
आणि माझ्या हातानं,
एकोणीस वर्षं रोज सकाळी स्वयंपाक केलेल्या हातानं,
त्यात मीठ घातलं.

मग काय.
डब्यातलं वरण ओतलं, मिरची चुरडली.
विषाचा हात आम्ही वाळल्यावर देतो,
तेव्हा ती भीती नव्हती.
साहेबांनी वास घेतला, चष्मा पुसला,
आणि टेबलाच्या कप्प्यातून स्वतःची भाखरी काढली.

खाताना ते सांगत होते, ही रात्रीची हवा घेते.
पाणी तुटलं की दिवसा दारं लावून बसते,
अंधारात थोडी उघडते,
घेतलेलं आंबट करून साठवते, उजाडल्यावर पुरवून खाते.
म्हणून पहाटे खुडलीस तर आंबट,
दिवेलागणीला खुडलीस तर नुसती खारट.
मला दोन्ही ठाऊक होतं.
का ते ठाऊक नव्हतं.
ताकात करायची असेल तर संध्याकाळची घे,
डाळीत सकाळची, चिंच वाचते.
घामोळ्यांवर वाटून लाव.
माझ्या जावेला मुतखडा आहे, तिला वाढत नाही.

तो कागद तुला सापडेल, डावीकडून चौथं कपाट,
दुसऱ्या खेपेचा, बिनमिठाचा.
नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याची सही,
खाली कोपऱ्यात बियांचं पाकीट.
पाकिटाला डिंक तीनच बाजूंनी आहे.
चौथी मी विसरले, असं नोंदवून ठेवलंय.

खिडकीखाली, गळक्या नळापाशी,
फरशीच्या फटीत जी उगवते
ती कुणी लावली, माळी तुला विचारील.
उपटून भिंतीवर टाकील, ती तिथंही बी धरील.
तू दहा वाजता खाली जा.
फुलं मोज.
मग देठ मोडून बघ.