हवेची नळी

प्रोचिदा बेटावर दातांचा दवाखाना एकच,
मासळीच्या धक्क्यामागे, जिना चढून.
डॉक्टर एर्सिलिया बोलतात,
मी हवेची नळी धरते.

नुन्झियाता आली ती मफलर नाकापर्यंत ओढून.
चाळीस वर्षं लिंबं निवडते,
पेटीगणिक एक चावून बघते.
साल बोटभर जाड, पांढरा गर गोडसर, आणि रस
ऐकणाऱ्याचेही दात आंबावेत असा.
"सगळे काढा," म्हणाली. "वैताग आणलाय मेल्यांनी.
कॉफी कोमट पिते मी.
कोमट!"

वरच्या सुळ्यापाशी मी एक फुंकर सोडली.
कळ कुठवर गेली
ते तिच्या पायाच्या अंगठ्यानं सांगितलं.

डॉक्टरांनी आरसा पुढे केला.
"इथली चकाकी लिंबानं चाटली,
उरलेली तू घासलीस,
चावल्या चावल्या, करपलेली कढई घासावी तशी.
आतला पिवळा थर उघडा पडलाय.
त्यात नळ्या असतात, केसाहून कितीतरी बारीक,
थेट नसेच्या दाराशी जाणाऱ्या.
वारा, बर्फ, साखर, जो तो तिथूनच आत ओरडतो."
"मग बुजवा."
"बुजवते. पण चकाकी पुन्हा येत नाही, नुन्झियाता.
ती काही नखासारखी नाही."

मऊ ब्रश.
आंबटानंतर साध्या पाण्याची चूळ,
आणि अर्धा तास ब्रशला हात नाही.
रात्री ही पेस्ट. थुंकायची,
पण वर चूळ भरायची नाही, राहू दे तिला दातांवर.
आठवडे लागतील.

"आणि लिंबू?"

खिडकीबाहेर सगळा उतार पिवळा.
डॉक्टर जरा थांबल्या.
"वास घे. दाबून बघ. चावायचं काम सुनेला दे."
"सुनेला! तिला काय कळतंय?"
मी औषधाचा थर लावेपर्यंत
तिचा ओठ माझ्या बोटाखाली पुटपुटत होता.

दुसऱ्या आठवड्यात फोनवरून शिव्या.
पाचव्यात ती आलीच नाही.

फेब्रुवारीत धक्क्यावर दिसली.
उत्तरेचा वारा, होड्या दोर ताणून कण्हत होत्या,
आणि हिचा मफलर चक्क गळ्याशी.
सुनेनं निवडलेली एक पेटी
नापोलीहून परत आली होती. कडू निघाली म्हणे.
"सांगितलं नव्हतं मी?"
वाऱ्याकडे तोंड करून नुन्झियातानं
सगळेच्या सगळे दात काढले.