शेपूट ऐकत नाही

राळेगावच्या जिनिंगचं मागचं पटांगण.
हंगाम सरला, गाठी ट्रकांत बसून गेल्या.
सकाळचे सहा. ऊन अजून भिंतीपलीकडे.
किन्नाकेनं चुन्याच्या फुलीवर हेलिकॉप्टर ठेवलं
आणि म्हणाला, "पाय बाप्पा फिटर, आता तूच."

हातभर उचललं त्यानं.
वरचं पातं सुरळीत, आवाज स्वच्छ,
पण शेपूट —
गोमाशी बसलेल्या गोऱ्ह्याचं जसं,
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
मग एकदम गरकन पूर्ण गिरकी.
बकऱ्या घेऊन चाललेली यमू थांबली. हसली.
"उतरव," म्हटलं.

तीन आठवडे झाले, म्हणे.
नागपूरहून नवा जायरो आणला चार हजारांचा,
आकडे बदलून पाहिले वहीत लिहून लिहून.
किन्नाके वजनकाट्यावर बसतो.
जे आकड्यात येत नाही
ते त्याच्या लेखी गाडीत नसतंच.

मी गेन साठावरून चाळीसवर आणला.
हलणं मंद झालं, पण गेलं नाही;
आता ते नुसतं भरकटायला लागलं,
जेवण झाल्यावर पारावर निघालेल्या माणसासारखं.
म्हणजे दोष तिथं नाही.

बॅटरी जोडून पुन्हा ठेवलं.
जायरो जागा होईस्तोवर त्याला हलवायचं नसतं.
आम्ही दोघं उकिडवे,
झोपल्या लेकराशेजारी बसावं तसे,
आणि यमूची एक बकरी तेवढी खोकली.

मग हातात धरून नाक उजवीकडे वळवलं.
मागच्या पात्यांनी डावीकडे ओढायला हवं.
ओढलं.
उलटं असतं तर गिरकीला आणखी गिरकीच दिली असती,
ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसणारे देतात तशी.
वरचं पातं एकीकडे फिरतं
तर धड दुसरीकडे फिरू पाहतं,
आणि शेपटाला जन्मभर एकच काम:
नाही म्हणणं. नेमकं तेवढंच, जास्त नाही.

"मंग काहून बे असं करते?"
"थांब नं."

तीस वर्षं मी पेचकसाचं टोक बेअरिंगला
आणि मूठ कानाला लावून ऐकत आलो.
इथं कान लावायला जागाच नाही.
पट्टा बुटाच्या नाडीएवढा.
सर्वोची दांडी सोडली,
सरकता भाग दोन बोटांत धरला,
डोळे मिटले आणि दांड्यावरून
इकडून तिकडे नेला.

तिथं. अर्ध्या वाटेवर.
केसाएवढं अडलं.

सर्वो ढकलतो, ते अडतं,
अडून सुटतं ते जास्तच जातं,
जायरो म्हणतो परत ये,
परत येताना पुन्हा तिथंच अडतं.
जायरो बिचारा खरं तेच सांगत होता
आणि आम्ही त्यालाच गप्प करत होतो.

सुईच्या टोकानं उकललं.
पांढरं, मग काळपट, तेलात भिजलेलं,
निघतच राहिलं:
रुईचा धागा, दांड्याभोवती गुंडाळलेला,
माझ्या भुवयांत, नाकात, डब्यातल्या पोळीवर
तीस हंगाम बसलेला,
तोच.

किन्नाके पाहत राहिला.
"चार हजार," एवढंच म्हणाला.

पुसून, थेंबभर तेल देऊन,
दांडी जोडली काटकोनात.
उडालं. नाक सरकीच्या ढिगाकडे
धरलं तर धरलंच.
भिंतीवरून वाऱ्याची पहिली गरम झुळूक आली,
शेपूट जरा थरथरलं
आणि जागच्या जागी राहिलं.
यमू म्हणाली, "आता मजा नाही."

किन्नाकेनं गेन परत साठवर नेला,
मला न विचारता.
मीही बोललो नाही.
धागा पानाच्या डबीत ठेवला, चुन्याशेजारी.
पट्टा अजून जरासा सैल वाटतो.